हेडफोन बिघडला: वडखळहून वॉरंटीची वाट

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीला जाणारे कामगार, पेणच्या कॉलेजात शिकणारी मुलं, नागोठण्याहून येणारे मालवाहू गाड्यांचे चालक या सगळ्यांची गाठ इथे पडते आणि त्यांतल्या निम्म्याअधिकांच्या कानात काहीतरी असतं. कुणाच्या गळ्यात नेकबँड, कुणाच्या कानात बड्स, कुणाची जुनी वायरवाली जोडी. किंमत पाचशेपासून अडीच हजारांपर्यंत. कंत्राटी कामगाराच्या हिशेबात ही दोन-चार दिवसांची मजुरी होते. अशी जोडी चार-सहा महिन्यांत एका कानानं मुकी झाली, तर बहुतेक माणसं ती ड्रॉवरमध्ये टाकतात आणि नवी घेतात. खोक्यावर ‘एक वर्षाची वॉरंटी’ छापलेली असते, पण ती वसूल करायला जायचं कुठे आणि कुणाकडे, हे ठाऊक नसतं.

वडखळसारख्या नाक्याच्या गावातून हा प्रश्न पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. गेल्या काही वर्षांत कायदा ग्राहकाच्या बराच जवळ आला आहे, पण कंपनीची सेवा तितकी जवळ आलेली नाही. मोठ्या ब्रँडचं अधिकृत सेवा केंद्र गाठायचं तर साधारणपणे पनवेल, नवी मुंबई किंवा थेट मुंबई. पनवेलला जायचं म्हणजे चाळीसेक किलोमीटर, एसटीचं भाडं आणि एक खाडा. बाराशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खर्च कोण करणार? ग्राहक कंटाळेल या भरवशावरच स्वस्त वस्तूंच्या वॉरंटीचा बराचसा डोलारा उभा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे अंतर ओलांडायला आज ग्राहकाच्या हातात काय काय आहे, ते नीट पाहायला हवं.

सुरुवात खरेदीपासून करावी लागते, कारण दावा पुढे जिंकायचा की हरायचा हे बरंचसं तिथेच ठरतं. नाक्यावरच्या दुकानात हेडफोन घेताना ‘बिल हवंय का?’ असं विचारलं जातं आणि नको म्हटलं की पन्नास-शंभर रुपये कमी होतात. ही सवलत फार महाग पडते. हेडफोनवर १८ टक्के जीएसटी आहे. दोनशे रुपयांहून कमी रकमेच्या विक्रीला, ग्राहकानं मागितलं नाही तर, नोंदणीकृत दुकानदाराला बिलातून सूट मिळते. त्यावरच्या विक्रीला पक्कं बिल देणं त्याचं कर्तव्य आहे. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मॉडेल आणि शक्य असल्यास सिरीयल नंबर लिहून घ्यावा. नुसतं ‘इअरफोन १ नग’ असं लिहिलेलं बिल कंपनी सहज नाकारते. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

खोकंही टाकू नये. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर व ईमेल छापणं बंधनकारक आहे. पुढे नोटीस कुणाला पाठवायची याचं उत्तर या ओळींत असतं. वायरलेस हेडफोनला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. खोक्यावर किंवा वस्तूवर ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो तपासता येतो. आठवडे बाजारात किंवा मुंबईच्या फुटपाथवर तीनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ब्रँडेड’ जोडीवर हा क्रमांक नसतो, किंवा असला तरी भलत्याच कंपनीचा निघतो. नकली मालाला मूळ कंपनीची वॉरंटी मिळत नाही आणि तिला दोषही देता येत नाही. दुबईहून भावानं आणलेल्या अस्सल जोडीचीही गत पुष्कळदा तीच होते. अनेक कंपन्यांची वॉरंटी विक्रीच्या देशापुरतीच असते.

ऑनलाईन खरेदीत आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. पोर्टलची परतीची किंवा बदलून देण्याची मुदत वेगळी आणि कंपनीची वॉरंटी वेगळी. पहिली साधारण आठवडा-दहा दिवसांची असते, दुसरी बहुधा वर्षाची. पहिल्या आठवड्यात एका बाजूचा आवाज कमी वाटला तर माणूस ‘वर्षभर वॉरंटी आहेच’ म्हणून थांबतो. ती मुदत टळली की वस्तू बदलून मिळण्याची सोपी वाट बंद होते आणि सेवा केंद्राची लांब वाट सुरू होते. म्हणून आलेलं पार्सल व्हिडिओ काढत उघडावं आणि पहिल्या दोन दिवसांत दोन्ही कान, माइक, चार्जिंगची डबी आणि कॉलवरचा आवाज सगळं तपासून घ्यावं. वॉरंटी बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, वस्तू हातात पडल्यापासून नाही.

आता बिघाडाकडे वळू. वायरवाल्या जोडीत दोष बहुतेक वेळा जॅकपाशी किंवा वायर जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे असतो. आतली बारीक तार वाकून वाकून तुटते आणि वायर हलवली की आवाज येतो-जातो. बड्समध्ये तीन तक्रारी वारंवार दिसतात: एक बड चार्ज होत नाही, एका बाजूचा आवाज हळूहळू उतरतो, किंवा दोन्ही बड एकमेकांना सापडत नाहीत. यांतला प्रत्येक दोष कंपनीचाच असतो असं नाही. बारीक जाळीत कानातला मळ साचला की आवाज कमी होतो. चार्जिंगच्या पितळी टोकांवर घामाचा क्षार बसला की बड डबीत ठेवूनही चार्ज होत नाही. कोरड्या मऊ ब्रशनं जाळी साफ करावी, टोकं पुसावीत, जोडी रिसेट करावी, दुसऱ्या फोनवर लावून पाहावी. हे सगळं करून झाल्यावर बिघाड कायम असेल तर त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढावा. ग्राहक सेवेचा माणूस पहिल्या फोनला हेच करायला सांगतो. आधीच करून व्हिडिओ हातात असला की निदान दोन दिवस वाचतात.

खरा वाद पाण्यावरून होतो आणि कोकणात तो टळत नाही. वडखळ-पेणचा पट्टा खाडीकाठचा आहे, हवा खारट आणि दमट, आणि जून ते सप्टेंबर पावसाला खळ नसतो. खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ किंवा ‘आयपीएक्स ७’ असं छापलेलं असतं. आंतरराष्ट्रीय आयईसी ६०५२९ मानकाप्रमाणे आयपीएक्स ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही अपाय होईल इतकं पाणी आत न शिरणं. ही चाचणी प्रयोगशाळेत गोड्या पाण्यात, नव्या वस्तूवर होते. घामातलं मीठ, खारी हवा आणि वापरानं सैल झालेलं रबर यांचा हिशेब त्यात नसतो. आणि त्याच कंपनीच्या वॉरंटी पत्रात ‘द्रवामुळे झालेलं नुकसान वगळून’ असं वाक्य असतं.

हे मला मान्य नाही. जाहिरातीत धावताना, पावसात भिजताना वापरणारा तरुण दाखवायचा, त्या जोरावर वस्तू विकायची आणि बिघडल्यावर घामाकडे बोट दाखवायचं, हा व्यवहार सरळ नाही. कायद्यातही त्याला उत्तर आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. ग्राहकानं आपल्यापुरतं एवढं करावं: ‘पाणी गेलंय’ हे उत्तर तोंडी स्वीकारू नये. कोणत्या भागात पाणी गेलं, ते कसं ठरवलं, त्याचा फोटो काय, हे सेवा केंद्राच्या जॉबशीटवर किंवा ईमेलवर लेखी मागावं. कारण लेखी द्यायची वेळ आली की ते विचारपूर्वक दिलं जातं, आणि पुढे ग्राहक आयोगासमोर हाच कागद उपयोगी पडतो. त्याचबरोबर वस्तू परत मागावी आणि ती ताब्यात ठेवावी. तपासणीची वेळ आली तर ती लागेल.

मधल्या काळात पेणच्या एखाद्या कुशल कारागिराकडून जोडी उघडून घेण्याचा मोह होतो. नेकबँडची वायर तो शंभर रुपयांत जोडूनही देईल. पण वॉरंटीच्या मुदतीत तसं केलं की ‘अनधिकृत दुरुस्ती’ हे आयतं कारण कंपनीला मिळतं. मुदत संपल्यावर मात्र तोच कारागीर सगळ्यांत चांगला. बड्स मुळात गोंदानं चिकटवलेले असतात, बॅटरी बदलायची सोयच नसते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘दुरुस्ती’चा अर्थ जवळपास नेहमी बदलून देणं असाच असतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. दिशा योग्य आहे, पण कानातल्या वस्तूंना तिचा लाभ अजून फारसा पोचलेला दिसत नाही. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, ग्राहकाला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. तिथे आरेखन बदललं तर इथल्या मालातही तो बदल यावा, अशी आशा धरायला जागा आहे.

दावा करायचा कुणावर? इथे दुकानदार आणि कंपनी यांच्यात चेंडू फिरत राहतो. ‘आमचं काम विकायचं, वॉरंटी कंपनीची,’ हे काउंटरवरचं नेहमीचं वाक्य. कायदा ते पूर्ण मानत नाही. माल सदोष निघाल्यावर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही २०१९ च्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याच्या आड सदोष मालाचा विक्रेता लपू शकत नाही. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम १६ नुसारही, त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्यानं वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. ऑनलाईन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे.

वडिलांच्या नावावर बिल आहे आणि वापर मुलाचा, अशी अडचणही सांगितली जाते. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही कायद्यानं ग्राहकच आहे. भेट आलेल्या जोडीलाही हेच लागू.

ग्राहकानं अवास्तव अपेक्षाही धरू नयेत. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. हेडफोनलाही तेच सूत्र लागतं. एक बड बिघडला तर कंपनी तो एकच बदलून देईल. बदलून मिळालेल्या वस्तूला बहुधा नवं वर्ष मिळत नाही, जुन्या मुदतीतले उरलेले महिनेच चालू राहतात. हरवलेला बड, फाटलेली रबरी टोपणं, वापरानं उतरलेली बॅटरी या गोष्टी वॉरंटीत येत नाहीत. काउंटरवर दोन-तीनशे रुपयांत विकली जाणारी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ एवढ्या स्वस्त वस्तूवर घेऊ नये.

कंपनीकडे तक्रार फोनवर केली तरी लगेच ईमेलही करावा: खरेदीची तारीख, मॉडेल, सिरीयल नंबर, दोष, बिलाचा फोटो, व्हिडिओ आणि काय हवं आहे ते. तक्रारीचा तिकीट नंबर जपून ठेवावा. सेवा केंद्र जवळ नसेल तर पिकअपची मागणी करावी. बऱ्याच कंपन्या कुरिअरनं वस्तू मागवतात, पण ते स्वतःहून सांगत नाहीत. पार्सल बांधतानाचा व्हिडिओ आणि कुरिअरची पावती ठेवावी, नाहीतर ‘खोक्यात एकच बड होता’ या उत्तराला प्रत्युत्तर उरत नाही.

पंधरा-वीस दिवसांत काही हाललं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक लावावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हेल्पलाईनशी जोडलेल्या कंपन्यांकडे तक्रार थेट पोचते. हेल्पलाईनला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण किरकोळ रकमेच्या पुष्कळ तक्रारी या टप्प्यावरच मिटतात, कारण कंपनीतल्या वेगळ्या विभागाची नजर त्यांच्यावर पडते. मला वाटतं, वडखळच्या ग्राहकासाठी सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरलं गेलेलं साधन हेच आहे.

त्यानंतरचा मुक्काम अलिबाग. रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग तिथे आहे, वडखळपासून बावीस-तेवीस किलोमीटरवर. इथे २०१९ च्या कायद्यानं मोठा फरक केला. १९८६ च्या कायद्यात तक्रार मुख्यतः विरुद्ध पक्षाचं ठिकाण जिथे असेल किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं असेल तिथे करावी लागे. कंपनी गुरुग्रामची, विक्रेता बंगळुरूचा, मग अधिकारक्षेत्र कुणाचं यावर वाद घालत बसावं लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा कमावतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. आता गुरुग्रामच्या कंपनीला अलिबागला उत्तर द्यावं लागतं.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाईन दाखल करता येते. त्यासाठी आधी ई-दाखिल पोर्टल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. सुनावणी व्हिडिओवर घेण्याची मागणीही करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. अर्जात विक्रेता, उत्पादक किंवा आयातदार आणि पोर्टल या सगळ्यांना पक्षकार करावं, घटनाक्रम तारखांसह साध्या मराठीत लिहावा, सोबत बिल, ईमेल, जॉबशीट आणि प्रतिज्ञापत्र जोडावं. त्याआधी स्पीड पोस्टनं एक नोटीस पाठवावी. नोटीस सक्तीची नाही, पण तिच्यानं पुष्कळदा काम होतं.

तक्रारीची प्रत मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० रोजी न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या प्रकरणात दिला. वस्तूची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो, याची तयारी ठेवावी. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा, नुकसानभरपाईचा आणि खर्चाचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बॅटरी फुटून कानाला इजा झाली तर ते प्रकरण वॉरंटीपुरतं राहत नाही. तिथे उत्पादन दायित्वाची वेगळी तरतूद आहे आणि भरपाई वस्तूच्या किमतीशी बांधलेली नाही.

हे सगळं आपोआप मिळालेलं नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ ला. या चळवळीची मुळं महाराष्ट्रात खोल आहेत. नोंदणीकृत ग्राहक संघटना आजही ग्राहकाच्या वतीनं तक्रार करू शकते. एकाच मॉडेलमुळे पेण तालुक्यातली पाच-दहा माणसं फसली असतील तर त्यांनी एकत्र जाणं शहाणपणाचं.

तरीही कायद्यात एक मोठी उणीव उरते. दोष मुळातला होता हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्याकडे ग्राहकावर पडतं. बाराशे रुपयांच्या बड्सची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची म्हणजे वस्तूहून तपासणी महाग. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार माल मिळाल्यापासून वर्षभरात दोष दिसला तर तो सुरुवातीपासून होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं, आणि विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी किमान दोन वर्षं राहते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष माल पहिल्या तीस दिवसांत नाकारून पैसे परत घेण्याचा हक्क आहे आणि पहिल्या सहा महिन्यांत दोषाबाबतचं असंच गृहीतक ग्राहकाच्या बाजूनं आहे. आपल्याकडे किमान पाच हजार रुपयांखालच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी, वॉरंटीच्या मुदतीपुरतं हे ओझं कंपनीवर टाकायला हवं. एवढी एक दुरुस्ती झाली तर पनवेलच्या फेऱ्या आपोआप कमी होतील, कारण नाकारण्यापेक्षा बदलून देणं कंपनीला स्वस्त पडेल.

ती होईपर्यंत ड्रॉवरमध्ये पडलेली जोडी बाहेर काढा, बिलावरची तारीख पाहा. वर्ष उलटलं नसेल तर आजच कंपनीला ईमेल करा आणि उत्तर आलं नाही तर १९१५ लावा.